दुबईची सहल : आखणी घरूनच

(मंडळाच्या सभागृहात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. काही सभासदांनी मागून लिहून मागितल्यामुळे स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून देत आहे.)



सचिवांनी मला या विषयावर बोलायला सांगितले तेव्हा मी म्हणालो, "अहो, मी काय बोलणार? उभी हयात रेल मिलमध्ये गेली. मी काही ट्रॅव्हल एजंट नाही." त्यावर ते म्हणाले, "म्हणूनच तुम्ही बोला. एजंट काय सांगतो ते आम्हाला ठाऊक आहे." तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते एजंटच्या रंगीत पत्रकात नसते, एवढी खात्री देतो. आणखी एक खात्री अशी की मी फार फेकाफेक करणार नाही, कारण माझी आई पहिल्या रांगेत बसली आहे. (हशा)

मी दुबईला दोनदा गेलो. पहिल्यांदा २०१६ च्या मे महिन्यात, बायको-मुलांना घेऊन. दुसऱ्यांदा २०२३ च्या फेब्रुवारीत, आई, माझा मोठा भाऊ आणि वहिनी यांच्याबरोबर. पहिली सहल साफ फसली, दुसरी चांगली झाली. शहर तेच, माणूस तोच. फरक पडला तो फक्त घरी बसून केलेल्या आखणीत. आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. बाकीचा तपशील आता सांगतो.

पहिली चूक : मे महिना

मुलांच्या शाळेला सुट्टी मे-जूनमध्ये, म्हणून आपण मे-जूनमध्ये निघतो. त्या वेळी हॉटेलही स्वस्त मिळते. एजंट म्हणाला, "ऑफ सीझन आहे साहेब, फायदा घ्या." ऑफ सीझन का असतो, हे मी विचारले नाही. आपण भिलाईची माणसे, आपल्याला उन्हाचे काय कौतुक, असा माझा तोरा होता. पण आपला मे कोरडा. तिथे समुद्राकाठी चाळीसच्या वर पारा आणि हवेत दमटपणा, अंगावरचा घाम वाळतच नाही. पाच रात्री सहा दिवसांत नऊ ठिकाणे पाहायची होती. तिसऱ्या दिवशी दुपारी वाळवंटाच्या सफरीला निघालो. वाळूच्या टेकड्यांवरून गाडी वरखाली उडवतात, त्यात मुलाला उलट्या सुरू झाल्या. रात्री बायकोच्या अंगातले पाणी कमी होऊन तिला दवाखान्यात सलाइन लावावे लागले. प्रवास विमा काढला नव्हता. तिकडच्या दवाखान्याचे बिल हातात आले आणि मी मनातल्या मनात दिरहमचे रुपये करत बसलो. पुढचे दोन दिवस आम्ही हॉटेलच्या खोलीत टीव्ही बघितला. तो तर आपल्या क्वार्टरमध्येही दिसतो.

तेव्हा पहिला नियम हा की नोव्हेंबर ते मार्च एवढेच महिने आपल्यासारख्यांचे. मिरॅकल गार्डन आणि ग्लोबल व्हिलेज ही दोन मोठी ठिकाणेही थंडीच्या हंगामातच उघडी असतात, उन्हाळ्यात बंद होतात. शाळेची अडचण असेल तर नाताळच्या सुट्टीत गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात. त्यापेक्षा जानेवारीचा शेवटचा आठवडा किंवा नोव्हेंबर बरा.

यात एक गोष्ट लक्षात ठेवावी. रमजानचा महिना दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आला. म्हणजे ही काही वर्षे तो नेमका चांगल्या हवेच्या दिवसांत पडणार आहे. त्या काळात जाऊ नये असे मुळीच नाही. शहर संध्याकाळी फार सुंदर असते. पण वेळा बदलतात, आणि दिवसा लोकांसमोर उघड्यावर खाणे-पिणे बरे दिसत नाही. मधुमेहाचा माणूस बरोबर असेल तर त्याच्या वेळेवर खाण्याची सोय आधी पाहावी.

कागदपत्रे : नावापासून सुरुवात

आता दुसऱ्या सहलीकडे येतो. दादा १९८९ ते २०११ तिकडे इलेक्ट्रिकल कामावर होता. आधी दुबईत देरा भागात, नंतर शारजात. आमच्या दोघी बहिणींची लग्ने, बाबांचे ऑपरेशन, नागपूरचे घर, हे सगळे त्या पैशांवर उभे राहिले. पण बावीस वर्षांत घरातले कोणी तिकडे गेले नाही. तिकिटाच्या पैशात एक ड्राफ्ट येतो, असा हिशेब होता. मी २०१६ ला जाऊन आलो तेव्हा आईने विचारले, "दादा राहत होता ती जागा पाहिलीस का?" मी बुर्ज खलिफा पाहिला होता, ती जागा पाहिली नव्हती. त्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. तेव्हाच ठरवले की आईला एकदा न्यायचे. 'पुढच्या वर्षी बघू' करता करता सहा वर्षे गेली.

२०२२ च्या डिसेंबरला जायचे ठरले. व्हिसासाठी कागद दिले आणि आईचा अर्ज परत आला. कारण काय? आईचा पासपोर्ट जुना. त्यात आडनावाचा रकाना कोरा आणि दुसऱ्या रकान्यात नुसते नाव. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरपासून संयुक्त अरब अमिरातीने एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा देणे बंद केले होते. आपल्याकडे कित्येक वडीलधाऱ्यांचे, विशेषतः बायकांचे पासपोर्ट असे आहेत. आज घरी गेल्यावर कपाट उघडून पाहा. नाव आणि आडनाव दोन्ही भरलेली आहेत का, लग्नाआधीचे नाव आणि नंतरचे नाव यात घोळ नाही ना, आणि मुदत प्रवासाच्या तारखेपुढे निदान सहा महिने आहे का, हे बघा. विमानाच्या तिकिटावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. आम्ही आईचा पासपोर्ट नव्याने करून घेतला आणि फेब्रुवारीत गेलो. तिकिटाचा काही भाग बुडाला, पण थोडक्यात निभावले. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणाऱ्या भाड्याचे तिकीट काढू नये.

पर्यटक व्हिसा साधारण तीस किंवा साठ दिवसांचा असतो आणि विमान कंपनी, हॉटेल किंवा एजंटमार्फत मिळतो. परतीचे तिकीट आणि हॉटेलचे बुकिंग हे कागद छापून जवळ ठेवावेत, नुसते मोबाइलवर नकोत. नातेवाइकाकडे उतरणार असाल तर त्याच्या पत्त्याचे आणि रहिवासाचे कागद मागवून घ्यावेत. आणि प्लँटमध्ये नोकरीत असलेल्यांनी रजेच्या अर्जाबरोबरच परदेशी जाण्याची परवानगी मागावी. ते काम शेवटच्या आठवड्यावर ठेवले की काय होते, हे पर्सोनेल विभागातले आपले सभासद जास्त चांगले सांगतील. (हशा)

विमानाचे म्हणाल तर रायपूरहून जाताना बहुतेकांना मुंबई किंवा दिल्लीला विमान बदलावे लागते. दोन टप्पे एकाच तिकिटात घ्या. वेगवेगळी तिकिटे काढली तर सामान मुंबईला उतरवून पुन्हा द्यावे लागते, आणि पहिले विमान उशिरा आले तर दुसरे वाट पाहत नाही. नागपूरहून त्या हंगामात थेट विमान आहे का, हेही पाहून घ्यावे. भिलाईहून नागपूरची गाडी काही दूरची नाही. म्हाताऱ्या माणसासाठी व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. आई आधी म्हणाली, "मी काय लुळीपांगळी आहे का?" पण मुंबई विमानतळाची लांबी पाहिल्यावर मुकाट्याने बसली. (पहिल्या रांगेतून : "मुकाट्याने नाही!" हशा)

बॅगेत काय नको

आता सगळ्यात महत्त्वाचे सांगतो. भगिनींनी विशेष लक्ष द्यावे.

निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही मुंबईला मामांकडे मुक्कामाला होतो. वहिनींनी दादाच्या जुन्या खोलीसोबत्यासाठी, तो अजून तिकडेच कामाला आहे, मोठा डबाभर अनारसे करून आणले होते. दादा सामान तपासत होता. त्याने डबा उघडला आणि तसाच खाली ठेवला. म्हणाला, "यावर काय लावलंय?"

"काय लावणार? खसखस."

दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्या देशात खसखशीला बंदी आहे. आपल्यासाठी ती करंजीच्या सारणात, मोदकात, लाडवात पडणारी साधी वस्तू. तिथे ती अफूच्या झाडाची बी म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यात येते. थोडी असो की फार, सापडली तर पकडतात. ती देवाची आहे की प्रसादाची, हे कोणी विचारत बसत नाही. डबा मामांच्या घरीच राहिला. भाच्यांची चंगळ झाली, वहिनी मात्र रात्रभर नीट झोपल्या नाहीत. म्हणाल्या, "मी माझ्या हाताने यांना तुरुंगात घातलं असतं." मी २०१६ ला गेलो तेव्हा मला हे ठाऊकही नव्हते. त्या वेळी आमच्या बॅगेत मसाल्याची पुडी होती. तीत खसखस होती की नव्हती, याचा विचार आजही नको वाटतो.

तेव्हा गोडा मसाला, गरम मसाला, लाडू, अनारसे, करंज्या, काहीही नेताना खसखस आहे का ते आधी विचारा. घरी केलेल्या पदार्थांपेक्षा लेबल असलेली बंद पाकिटे बरी. पान, गुटखाही इथेच ठेवा.

दुसरी गोष्ट औषधांची. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्यांना अडचण नाही. डॉक्टरची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन बरोबर हवे, गोळ्या सुट्या करून डबीत भरू नयेत. पण आपल्याकडे चिठ्ठीवर सहज मिळणारी काही औषधे तिथे नियंत्रित आहेत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, दुखण्यावरचे ट्रामाडॉल, झोपेसाठी दिले जाणारे अल्प्राझोलम किंवा डायझेपाम, नसांच्या दुखण्यावरचे प्रीगॅबालिन, ही त्यांतली. आईला पायांच्या मुंग्यांसाठी प्रीगॅबालिन चालू होते. आम्हाला ते माहीतही नव्हते, कारण गोळीचे नाव आम्ही 'रात्रीची पिवळी' असेच घेत होतो. डॉक्टरांकडून सगळ्या औषधांची मूळ नावे इंग्रजीत, सही-शिक्क्यासह लिहून घेतली आणि तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधीच काढली. असे औषध घरात कोणाला चालू असेल तर प्रवासाच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. गोळी मनाने बंद करू नका आणि न विचारता नेऊही नका.

पैसे आणि सोने

दिरहमचा भाव १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७ दिरहम. म्हणजे डॉलर महागला की दिरहमही महागतो. डॉलर ९० रुपये धरला तर दिरहम साधारण साडेचोवीस रुपयांना पडतो. अंदाजपत्रक करताना चालू भावापेक्षा एक रुपया जास्त धरावा. हॉटेलच्या दराशिवाय दर खोलीमागे दर रात्री 'टुरिझम दिरहम' नावाची रक्कम हॉटेलच्या दर्जाप्रमाणे ७ ते २० दिरहम द्यावी लागते. ती पुष्कळदा बुकिंगमध्ये धरलेली नसते. बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्यायला विसरू नका. एजंटकडून पॅकेज घेतलेत तर तो कर कापून घेतो. तो पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून मिळतो, म्हणून ती पावती फाडून टाकू नये.

आता सोने. देऱ्याच्या गोल्ड सूकमध्ये गेल्यावर कोणाचाही जीव वरखाली होणारच. सोन्याचा दर तिथे रोज ठरलेला आणि लावलेला असतो, घासाघीस करायची ती घडणावळीवर. ५ टक्के व्हॅट २०१८ पासून लागू आहे. २५० दिरहमच्या वर खरेदी असेल तर पर्यटकाला त्यातला बराचसा भाग विमानतळावर परत मिळतो. त्यासाठी दुकानात पासपोर्ट दाखवून तसे बिल करून घ्यावे लागते आणि सामान आत देण्याआधी नोंद करावी लागते.

पण खरा प्रश्न परत येताना असतो. "बाईमाणसाला ४० ग्रॅम दागिने माफ आहेत," हे वाक्य मी या सभागृहातच निदान दहा वेळा ऐकले आहे. ती सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांना आहे. पाच दिवसांच्या पर्यटकाला नाही. दादाला ती एकेकाळी मिळत होती, मला आणि तुम्हाला नाही. शिवाय २०२४ च्या जुलैत आपल्याकडचे सोन्यावरचे आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले, तेव्हापासून तिकडून आणण्यातला जुना फायदाही उरला नाही. हौस म्हणून लहानशी वस्तू घ्या, बिल जपा, रीतसर दाखवा. आणि अंगावर मोठे दागिने घालून जाणार असाल तर जातानाच आपल्या कस्टमकडून त्यांचा दाखला घ्या. नाहीतर परतताना ते आपलेच आहेत, हे सिद्ध करत बसावे लागते. त्याहून सोपा उपाय म्हणजे दागिने लॉकरमध्ये आणि गळ्यात काळी पोत.

सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पावलाने

दुसऱ्या सहलीची आखणी आम्ही एका नियमाने केली. घरातला सगळ्यात हळू चालणारा माणूस दिवसाला जेवढे करू शकेल तेवढेच ठरवायचे. आईचे वय तेव्हा ७९. म्हणून सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी एक ठिकाण आणि दुपारी खोलीवर आडवे पडायचे. नऊ ठिकाणांऐवजी पाच दिवसांत सहा झाली, पण सहाही मनात राहिली.

हॉटेल कुठे घ्यायचे? शारजात स्वस्त मिळते. शारजा म्हटले की आपल्या पिढीला १९९८ चा एप्रिल आठवतो. सचिनने २२ तारखेला १४३ आणि २४ तारखेला, स्वतःच्या वाढदिवशी, १३४ काढल्या होत्या. दादा त्या वेळी शारजातच होता. आम्ही मोठ्या अभिमानाने विचारले, "बघितलीस का मॅच?" म्हणाला, "ड्यूटी होती." (हशा) सांगायचा मुद्दा असा की शारजाहून दुबईला यायचे म्हणजे सकाळ-संध्याकाळ वाहनांच्या रांगेत तास-दीड तास जातो. त्यापेक्षा बर दुबई किंवा करामा भागात मेट्रो स्टेशनजवळ साधे हॉटेल घ्यावे. आपले जेवण पायी चालण्याच्या अंतरावर मिळते, वडापावसुद्धा.

मेट्रो २००९ पासून चालू आहे. ती स्वच्छ आहे आणि स्वस्तही, नोल कार्डावर अंतराप्रमाणे ३ ते साडेसात दिरहम लागतात. विमानतळाच्या १ आणि ३ क्रमांकाच्या टर्मिनलला ती जोडलेली आहे, २ क्रमांकाला नाही. मेट्रोत खाणे-पिणे, अगदी च्युइंगगमसुद्धा चालत नाही, दंड होतो. बायका-मुलांचा वेगळा डबा असतो. गप्पांच्या नादात पुरुषांनी त्यात शिरू नये, त्यालाही दंड आहे. बुर्ज खलिफाच्या स्टेशनवरून दुबई मॉलपर्यंत मात्र बराच लांब पूल चालावा लागतो. सरकते पट्टे आहेत, तरी गुडघे दुखणाऱ्याने टॅक्सीने थेट मॉलच्या दारात उतरावे. बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे. वर जाण्याचे तिकीट वेळेप्रमाणे मिळते आणि सूर्यास्ताची वेळ सगळ्यात महाग. आई वर गेलीच नाही. म्हणाली, "खालून दिसतोय की." ती आणि वहिनी खाली कारंज्यांपाशी बसल्या, त्याला तिकीट नाही. ही कारंजी २०२५ मध्ये काही महिने दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणून जाण्याआधी चालू आहेत ना ते पाहावे.

वाळवंटाच्या सफरीत पाठीचे, हृदयाचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी टेकड्यांवरच्या उड्या टाळाव्यात. "आम्हाला साध्या रस्त्याने थेट छावणीवर न्या," असे बुकिंग करतानाच सांगावे. अबू धाबीला एक दिवस द्यावा. शेख झायेद मशिदीत प्रवेश विनामूल्य आहे, नोंदणी आधी करावी, अंगभर कपडे हवेत आणि बायकांना डोक्यावरून ओढणी हवी. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो. आम्ही गेलो तेव्हा अबू धाबीचे दगडी मंदिर बांधून व्हायचे होते. ते २०२४ च्या फेब्रुवारीत खुले झाले. तिथेही आधी नोंदणी करून, वार पाहून जावे.

आणखी काही बारीकसारीक. तिथले घड्याळ आपल्या दीड तास मागे. प्लग चौकोनी तीन पिनांचा, आपला बसत नाही, जोड न्यावा. व्हॉट्सअॅपवर संदेश जातात पण बोलणे होत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर इकडे काळजी सुरू होते. मॉलमध्ये गारठा असतो, शाल जवळ ठेवा. परक्या बायकांचे, सरकारी इमारतींचे फोटो काढू नका. रस्त्यात आवाज चढवून भांडू नका, शिव्या आणि हातवारे तिथे पोलिसांपर्यंत जातात. दारू परवान्याच्या जागेबाहेर पिणे हा गुन्हा आहे. पोलिसांचा क्रमांक ९९९, रुग्णवाहिकेचा ९९८. हॉटेलचे कार्ड प्रत्येकाच्या खिशात असू द्या, आईच्या बटव्यातसुद्धा.

आणि विमा काढाच. १६ एप्रिल २०२४ ला तिथे एवढा पाऊस पडला की धावपट्टीवर पाणी साचले आणि दोन-तीन दिवस विमानांचा गोंधळ चालला. २०२५ च्या जूनमध्ये आखातातल्या तणावामुळे काही देशांनी आकाश काही काळ बंद केले. म्हणून बुकिंगआधी बातम्या आणि आपल्या सरकारच्या सूचना पाहाव्यात, आणि परतीच्या दुसऱ्याच दिवशी लग्न, परीक्षा, ऑपरेशन असे काही ठेवू नये.

एक दिरहमची सहल

शेवटी आमच्या सहलीतली सगळ्यात स्वस्त गोष्ट सांगतो. दुबईच्या मधोमध खाडी आहे. एका काठावर देरा, दुसऱ्या काठावर बर दुबई. मधून लाकडी होड्या चालतात, त्यांना आब्रा म्हणतात. भाडे माणशी एक दिरहम. पहिल्या संध्याकाळी दादा आईला हाताला धरून आब्रात घेऊन बसला. त्याने सांगितले, "आई, मी देऱ्यात राहायचो तेव्हा दर शुक्रवारी असाच पलीकडे जायचो. शुक्रवारी सुट्टी असायची ना. आधी देवळात, मग तुला फोन."

आता तिथली साप्ताहिक सुट्टी २०२२ पासून शनिवार-रविवार झाली आहे. पण आमच्या घरी शुक्रवार म्हणजे दादाचा फोन, हे समीकरण पक्के होते. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या क्वार्टरमधला पीपी नंबर दिलेला होता. आई शुक्रवारी चारपासूनच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची. तीन मिनिटे बोलणे व्हायचे, त्यातली दोन "ऐकू येतंय का" यातच जायची.

पलीकडे उतरून जुन्या बाजाराच्या गल्लीत गेलो. तिथले जुने देऊळ तेव्हा चालू होते. २०२४ च्या जानेवारीत ते बंद झाले, आता दर्शनासाठी जबल अलीच्या नव्या मंदिरात जातात. तिथे आपले गणपतीबाप्पाही आहेत. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर दादाने एक कोपरा दाखवला. "फोनचे बूथ इथे होते." आता तिथे मोबाइलच्या वस्तूंचे दुकान आहे. आई पाच मिनिटे तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इतक्या गर्दीत उभा राहून बोलायचास होय? म्हणून नीट ऐकू यायचं नाही." दादा काही बोलला नाही. येताना त्याने तिला पुन्हा आब्रातून फिरवले, एकदा नाही, तीनदा.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी बऱ्याच घरांतले कोणी ना कोणी आखातात राबले आहे किंवा आज राबते आहे. आपण तिकडे जाऊन उंच इमारती जरूर पाहाव्यात. पण आपले माणूस तिथे असेल तर त्याच्या सुट्टीचा दिवस विचारून मग आखणी करा, आणि एक दिवस त्याला द्या. तो कुठे जेवतो, कुठून फोन करतो, ते पाहा. त्याला तिकीट लागत नाही. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना न्यायचे मनात असेल तर 'पुढच्या वर्षी' म्हणू नका. आज रात्री पासपोर्ट काढून नाव तपासा, तिथूनच सुरुवात होते.

भाषण लांबले. आईला शेवटी विचारतो, काही राहिले का सांगायचे?

(पहिल्या रांगेतून : "खसखशीचं पुन्हा एकदा सांग.")

सांगितलेच आहे, तरी पुन्हा सांगतो. बाप्पाच्या मोदकात खसखस भरपूर घाला, दुबईच्या बॅगेत मात्र कणभरही नको.

 गणपतीबाप्पा मोरया!